उलटी आग

आई, ज्या दुपारी मी मानपुरच्या पुढच्या डोंगरावर तुझ्या हातच्या सागांना माझ्या हाताने आग लावली, त्या दुपारी माझं सगळं बदललं. तू असतीस तर पुढचं ऐकायच्या आधीच एक रट्टा दिला असतास. पण पूर्ण ऐक. रागात मी बऱ्याच गोष्टी केल्या, कॉलेज सोडलं तेही रागातच. ही आग मात्र मला लावायला सांगितली होती, आणि ती लावली म्हणून बाकीचे साग आज उभे आहेत. आज संध्याकाळी मला एका घरी जाऊन सांगायचंय की मी काय काम करतो. त्यांना माझ्या तोंडून दुसरंच उत्तर हवंय. तिकडे जायच्या आधी खरं उत्तर तुला सांगून बघतो. तुझ्यासमोर जमलं तर तिकडेही जमेल.

तू गेलीस तेव्हा मी सातवीत होतो. मग मामाने मला महूहून इंदूरला आणलं, स्नेहलतागंजात, त्याच्या झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत. तुझ्या सामानातलं मी एकच घेतलं, तुझं खुरपं. मुठीला तू जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली होतीस, ती अजून सुटलेली नाही. मामाने कधी वाईट वागवलं नाही. शिकवलं, कॉलेजात घातलं. दुसऱ्या वर्षी स्कॉलरशिपच्या खिडकीतला बाबू मला रोज ‘कल आना’ म्हणायचा, तर एक दिवस मी त्या खिडकीवर हात मारला आणि काच फुटली. माफीनामा लिहून दे, प्रकरण मिटवू, असं मोठे सर म्हणाले. मी नाही लिहिला. मामा म्हणाला, “दोन ओळी लिहायच्या होत्या भिया. अख्ख्या गंजाचे माफीनामे माझ्या मशीनमधून निघतात, तुझा फुकट काढून दिला असता.” मी त्याच्यावरही भडकलो. आणि जिच्यासाठी मी कॉलेजात वेळेवर जायचो, ती फोनवर एवढंच बोलली, “तू आधी डोकं थंड कर, मग माझ्याशी बोल.” तर डोकं थंड करायला मी बॅग उचलली आणि मानपुरला गेलो, तुझ्या नर्सरीतल्या मैत्रिणीकडे, जिला तू जीजी म्हणायचीस. उन्हाळा तोंडावर असताना डोकं थंड करायला जंगलात जाणारा मीच.

जीजीने मला दारातच ओळखलं. “नाक तो पूरो थारी माय को हे,” म्हणाली, आणि मी काही सांगायच्या आधी ताट वाढलं. तिचे दोन्ही बाजूंचे दात गेलेत, पण कामावर अजून जाते. दुसऱ्या दिवशी तिने मला जंगलखात्याच्या नाकेदारासमोर उभं केलं. तुझ्या वेळी ते मिशीवाले नाकेदार होते ना, सायकलवर यायचे आणि लांबूनच घंटी वाजवायचे. आता त्या जागी एक मुलगी आहे, माझ्याहून थोडीच मोठी, मोटरसायकलवर जंगलाची सगळी बीट फिरते. सगळे तिला मॅडम म्हणतात. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “कॉलेज क्यों छोड़ा?” मी खरं सांगितलं, “काँच फोड़ दिया था।” ती हसली नाही. “यहाँ फोड़ने को कुछ नहीं है। कल से आ जाओ,” एवढंच म्हणाली. झाली माझी नोकरी. नोकरी म्हणजे आगीचे महिने. होळीच्या आधीपासून पाऊस येईपर्यंत जंगलाला आगीपासून राखायचं, आणि पहिली सर पडली की आपण घरी. पुढच्या वर्षी बोलावलं तर पुन्हा यायचं. बूट आपले, काठी आपली, भाकरी आपली. भाजलं तर मलम मॅडमच्या गाडीच्या पेटीत. पैसे येतात, कधी येतात ते विचारायचं नाही. मी दोनदा विचारलं, आवाज चढवून विचारलं. जीजी बाजूला घेऊन म्हणाली, “म्हें बाल सफेद कर लिया पूछते-पूछते. तू काम सीख, फेर साथ में पूछांगा.”

तुझंही असंच होतं, हे मला तिथे कळलं. लहानपणी मला वाटायचं तू नर्सरीत नोकरी करतेस, जशी कोणाची आई शाळेत करते. तुम्हा बायकांना मध्येच काही दिवस घरी का बसवायचे, आणि तेव्हा तू डाळीत इतकं पाणी का घालायचीस, ते जीजीने आता सांगितलं. सलग काम झालं की माणसाचा हक्क लागतो, म्हणून सलग होऊ द्यायचं नाही. पावसात भिजून रोपं ट्रकमध्ये चढवलीस, ताप अंगात बसला, आणि तू गेलीस तेव्हा विचारायला जायला जागाच नव्हती, कारण तू कागदावर कुठे कामाला नव्हतीसच. हे ऐकून मी जीजीच्या ओसरीवरच्या खांबावर मूठ मारली. तिने माझी मूठ बघितली, मग खांब बघितला. म्हणाली, “खांबो तो म्हारो हे बेटा, सरकार को नी.”

माझ्या आठवणीतली तू अशी आहेस. महूची ती एका खोलीची बिऱ्हाडाची जागा, कोपऱ्यात स्टोव्ह, आणि तू नर्सरीतून येऊन थेट परात ओढतेस. हात घासून घासून धुतेस तरी नखांत काळी रेघ राहते. सगळ्यांच्या आयांच्या पोळ्यांना ओल्या मातीचा वास येतो असंच मला वाटायचं. मामीच्या हातची पहिली पोळी खाल्ली तेव्हा हिला काही वासच नाही म्हणून मी ताटावरून उठलो होतो. आणि तो दिवस, मी शाळेत एकाचं डोकं फोडलं तो. मास्तरांनी तुला निरोप पाठवला, तू मला शाळेतून नर्सरीत घेऊन आलीस. मातीच्या ढिगासमोर बसवलंस, रोपांच्या काळ्या पन्नीच्या थैल्या समोर टाकल्यास आणि म्हणालीस, “राग आला ना? भर.” मी भरल्या. ठोसून ठोसून भरल्या. तू एकेक उचलून अंगठ्याने दाबून पाहत होतीस, बरीचशी बाजूला काढून उलटी करून रिकामी केलीस. “ही रागातली आहे, ही पण रागातली. यात मूळ शिरणार कुठून? पुन्हा भर.” जीजी आणि त्या बाकीच्या बायका खो-खो हसत होत्या. मी रडत भरत होतो. ऊन उतरायला लागलं तेव्हा कुठे तू एक थैली दाबून पाहिलीस आणि ती उलटी न करता ओळीत ठेवलीस. मला आयुष्यात कोणी पास केलं असेल तर ते तेव्हा.

आणि लावणीचा दिवस. शाळेला सुट्टी होती, पाऊस नुकता लागलेला, तू मला ट्रकमध्ये सोबत बसवलंस. डोंगरावर पुरुष सब्बल मारत पुढे चालले होते, नुसती भोकं पाडत, आणि मागून तुम्ही बायका. टोपलीत ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या काड्या, अंगठ्याएवढ्या जाड. ना पान ना फांदी. नर्सरीत वर्षभर वाढवलेलं सागाचं रोप उपटून त्याचं वरचं सगळं छाटून टाकायचं, मुळाच्या बाजूचे केस छाटायचे, आणि जी उघडी काडी उरते ती जमिनीत ठेवायची. मी म्हणालो, “आई, ही तर मेलेली काडी आहे.” तू वाकलेलीच होतीस. काडी भोकात सोडलीस, टाचेने बाजूची माती दाबलीस, पुढच्या भोकाकडे सरकलीस आणि तिथून म्हणालीस, “मेलेली नाहीये. छाटलेली आहे.” मग पुन्हा काडी, पुन्हा टाच. तुझी ती टाच, भेगा पडलेली, चिखलाने माखलेली, तीच मला सगळ्यात स्पष्ट दिसते. तुझा चेहरा कधीकधी फोटोतला आठवतो, टाच मात्र माझी स्वतःची आठवण आहे.

तर आई, त्या काड्यांचं जंगल झालंय. आगीची लाईन झाडायला जीजी मला पहिल्यांदा वर घेऊन गेली, तिथे चुना लावलेला हद्दीचा मुनारा आणि बाजूला तो बसलेल्या म्हशीसारखा खडक पाहिला आणि मला जागा ओळखू आली, पण झाडं ओळखू आली नाहीत. मान वर करून बघावं लागतं. सरळ खोडं, एकामागे एक, डोंगराच्या पाठीवरून पलीकडे उतरून जातात. मी तिथे तोंड उघडं टाकून उभा राहिलो. जीजी म्हणाली, “म्हारा हाथ का बी हे इनमें. पण जो कतार सीधी दिखे, वा थारी माय की समझ.” मी एका सरळ ओळीतून चालत गेलो, प्रत्येक खोडाला हात लावत, देवळात खांबांना लावतात तसा. तुझ्या टाचेखालून हे निघालंय. तुझ्याजवळ जागा नव्हती, कागद नव्हता, धड चप्पल नव्हती, आणि तू जाताना मागे एक डोंगर सोडून गेलीस. मला कोणी सांगितलंच नव्हतं.

आमचं काम म्हणजे झाडू मारणं. हसू नकोस. उन्हाळ्यात साग सगळी पानं टाकतो, पापडासारखी वाळलेली, पाय ठेवला की फुटतात. एक ठिणगी पडली की डोंगर गेला. म्हणून जंगलाच्या अंगावर भांग पाडल्यासारखी एक रुंद पट्टी साफ ठेवायची, तीच लाईन. इकडे झाडून जावं तर मागे पुन्हा पानं. पाठीवर बांधायचं वाऱ्याचं एक मशीन आहे, पण ते सगळ्या रेंजमध्ये फिरतं, आमच्याकडे आलं की सणासारखं वाटतं. बाकी वेळ झाडाच्या फांद्यांचे खराटे. आग लागली की आकाशातून कोणीतरी बघतं आणि मॅडमच्या फोनवर मेसेज येतो. आधी आमच्या नाकाला कळतं, मग फोनला.

त्या दुपारीही तसंच झालं. खाली कोणीतरी मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळला आणि तो हाताबाहेर गेला. मोहाचा एवढाच हंगाम, वेचणाऱ्याला तरी काय म्हणणार. मी लाईनीवर होतो. आधी वास, मग खालून कावळे उडाले, मग तो आवाज. आगीला आवाज असतो हे मला माहीत नव्हतं. कोणीतरी खालून डोंगर चावत चावत वर येतंय असा. मी हिरवी फांदी तोडली आणि धावत सुटलो, खाली, तिच्या अंगावर. झोडपून काढीन म्हणून. तिच्यात आणि माझ्यात बरंच अंतर होतं तरी डोळ्यांच्या पापण्या करपल्यासारख्या झाल्या, आणि चप्पल पायाखाली मऊ पडायला लागली. मागून मॅडम ओरडली, “ओ भिया! मरना है तो छुट्टी लेके मरो। ऊपर आओ!” मी वर आलो. तोंडाला ओला गमछा बांधून ती लाईनीवर उभी होती, नजर आगीवर नाही, झाडांच्या शेंड्यांवर. वारा बघत होती. मग म्हणाली, “लाइन के नीचे से जलाओ। इधर से उधर तक।”

तुला समजेल म्हणून सांगतो. आपली लाईन तुझ्या सागांच्या मधून जाते. वर मोठं जंगल, खाली थोड्या ओळी. आग खालून वर येत होती आणि एवढ्या जोरात की लाईन तिने उडी मारून पार केली असती. म्हणून ती पोचायच्या आत लाईनीखालचं आपणच जाळून टाकायचं. आपली आग खाली जाणार, ती वर येणार, आणि मध्ये जाळायला काही उरणार नाही. याला उलटी आग म्हणतात. मी म्हणालो, “नीचे सागौन है।”

“दिख रहा है मुझे।”

“मेरी माँ ने लगाया है।”

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “नीचे वाला दे दो, ऊपर वाला बच जाएगा। बहस करनी है तो उससे कर लो,” आणि हनुवटीने आग दाखवली. जीजीने काठीला वाळलं गवत बांधून पेटवलं आणि माझ्या हातात दिलं. स्वतः लावली नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून मला जरा पुढे ढकललं, तू शाळेच्या दारात ढकलायचीस तसं.

मी वाकलो आणि लावली. तुझ्या सरळ ओळीच्या पायाशी लावली, आणि लावत लावत गेलो. पलीकडून दुसरे दोघं लावत येत होते. माझी आग आधी अगदी गरीब होती, मांजरीसारखी पानांतून सरपटत, वाऱ्याच्या विरुद्ध, विझते की काय असं वाटावं इतकी. तिच्यामागे आम्ही खराटे घेऊन उभे, एक ठिणगी वर येऊ द्यायची नाही. समोरून ती मोठी येतच होती. मला वाटलं मॅडम चुकली. आणि मग आई, वारा फिरला. कोणी फिरवला? त्या मोठ्या आगीनेच. ती इतकी तापली होती की आजूबाजूची हवा स्वतःकडे ओढत होती, आणि त्या ओढीने माझी ती गरीब आग एकदम उभी राहिली, खाली वळली आणि पळत सुटली तिच्याकडे. दोन्ही एकमेकींकडे धावल्या. मध्ये कुठेतरी भेटल्या, आणि तिथे जी ज्वाळा उठली ती सागांच्या डोक्यावरून वर गेली, आणि आवाज असा झाला की जणू कोणी आभाळाएवढी गोधडी एकदाच झटकली. माझे गुडघे आपोआप टेकले. देवबिव मी मानत नाही, तूही मानत नव्हतीस, पण मी गुडघ्यांवर होतो. आणि मग काहीच नाही. खरंच काही नाही. खायला काही उरलं नाही म्हणून ती गेली. दोघी गेल्या. धूर वर चढत होता आणि काळ्या जमिनीवर बारीक बारीक टिकटिक होत होती, तवा थंड होताना होते तशी. मागे वळून पाहिलं तर वरचं सगळं जंगल जसंच्या तसं उभं. एका पानालाही धग नाही.

मॅडम लाईनीवर बसून कॅनला तोंड लावून पाणी पीत होती, अर्धं वर्दीवर सांडत होतं. मी समोर जाऊन बसलो. म्हणाली, “आग से लड़ते नहीं हैं। उसके आगे की थाली उठा लेते हैं।” मग कॅन माझ्या हातात देऊन, “ठीक किया।” तेवढंच. माझ्या एका चप्पलेचा तळ वितळून गेला होता. जीजीने ओढणी फाडून पायाला बांधली, आणि आम्ही अंधार पडायच्या आत पुन्हा सगळी लाईन चालून आलो, कुठे निखारा तर नाही बघत. इतके दिवस मी हे काम कोणाला सांगायचं झालं तर तोंड वाकडं करून सांगायचो. त्या चालण्यानंतर नाही.

खालच्या ओळी मी रोज जाऊन बघायचो. काळे वासे. काही वरून पार मेले. मी त्यांच्याशी बोलायला लागलो होतो. मग वळवाचा एक शिंतोडा पडला आणि त्या जळक्या खोडांच्या पायातून कोंब फुटले. आणि कोंब कसले, पानं सुपाएवढी, तांबूस, मऊ. सगळ्यांना नाही फुटले, बऱ्याच जागा गेल्या त्या गेल्याच. पण ज्यांना फुटले त्यांच्यासमोर मी बसून राहिलो. मेलेली नाही, छाटलेली. आणि मला आठवलं तू एकदा माझ्या वाढदिवसाला, घरात द्यायला काही नव्हतं तेव्हा, असलंच कोवळं पान ओच्यात लपवून आणलं होतंस आणि माझ्या तळव्यावर चुरडलं होतंस. तळवा लालभडक. मी दिवसभर मूठ मिटून फिरलो होतो, आणि जो विचारेल त्याला उघडून दाखवत होतो.

मी तसंच एक पान तोडलं, ओल्या रुमालात गुंडाळलं आणि इंदूरची बस पकडली. डोकं थंड कर म्हणाली होती, तिला म्हटलं लालबागला ये. तिथे मैदानावर कसलंतरी प्रदर्शन लागलं होतं, गर्दीत कोणी कोणाला बघत नाही. ती आली आणि आधी दोन पावलं मागे सरकली. “तू भट्टीवर कामाला लागलास का रे? काय वास मारतोयस.” मी तिला सगळं सांगितलं, जसं आता तुला सांगतोय तसं, हातवारे करून. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, “इतका वेळ बोललास आणि एकदाही कोणाला शिवी नाही घातलीस.” मग मी तिचा हात पुढे घेतला आणि पान चुरडलं. रंग चढताना ती वाकून बघत होती, लहान मुलासारखी. मग म्हणाली, “हे निघतं कशाने?”

“निघत नाही. आपोआप जाईल थोड्या दिवसांनी.”

“आधी सांगायचं ना गधड्या. मला घरी जायचंय.”

ती मामाच्या घरापासून दोनच गल्ल्या सोडून राहते. तिचे पणजोबा संस्थानच्या दप्तरात होते, त्यांचा फोटो बैठकीत आहे म्हणे, पगडीसकट. वडील विमा कचेरीतून आता रिटायर होतील. रात्री जेवताना तिने आमटी वाढली आणि त्यांनी तळवा पाहिला. “एकाच हाताला मेंदी?” ती खोटं बोलू शकली असती. मी असतो तर बोललो असतो. ती म्हणाली, “मेंदी नाही बाबा. साग आहे.” आणि मग सगळं सांगितलं. त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही, ते त्यांना माहीत आहे. आपले आजोबा महूच्या पलटणीत होते हेही गंजात सगळ्यांना माहीत आहे. त्यावर ते काही बोलले नाहीत, आणि न बोलण्याचा अर्थ काय ते मला अजून कळलेलं नाही. काम काय करतो एवढंच विचारलं. पक्कं आहे का ते विचारलं. मग तिच्याकडून निरोप आला की रविवारी संध्याकाळी त्याला घरी बोलाव. त्यांच्या ओळखीच्या माणसाचं टाइल्सचं शोरूम आहे, तिथे एक मुलगा हवाय, सोमवारपासून. ते जंगलाचं सोडत असेल तर पुढचं बोलता येईल.

सोमवारी डोंगरावर छाटलेल्या काड्यांचा ट्रक येतोय, आई. खालच्या ओळींत ज्या जागा गेल्या तिथे पुन्हा साग लागणार आहे. मॅडमने मला लावणीवर धरलंय, पाऊसभर तरी काम आहे. पुढचं तिलाही माहीत नाही. नाकेदारांची भरती निघेल तेव्हा फॉर्म भर म्हणते, तुझे पाय चांगले चालतात म्हणते. निघेल तेव्हा निघेल. आणि पैशांचं विचारायला आता मी एकटा जात नाही, जीजी आणि आम्ही सगळे सोबत जातो, आवाज न चढवता. मागच्या वेळी साहेबांनी बाहेर खुर्च्या मागवल्या. जीजी बसली नाही. म्हणाली बसायला नाही आलो, विचारायला आलोय.

काल तिचा फोन आला होता. “तू फक्त हो म्हण. आत्ता हो, पुढचं नंतर बघू. बाबांच्या तोंडून माझ्यासमोर जंगलातला मजूर असं येऊ देऊ नकोस, मला ते ऐकवणार नाही.”

“आणि नाही म्हटलं तर?”

मग म्हणाली, “मग मी काय करीन मला माहीत नाही. खरंच माहीत नाही रे.” धमकी नव्हती ती. ती खोटं बोलत नाही, तुला सांगितलंच.

सकाळपासून माझं डोकं तापलेलं होतं. तिच्यावर नाही, त्यांच्यावर नाही, त्या पगडीवाल्या फोटोवर असेल. खालून मामाने इस्त्रीचा शर्ट आणून टाकला, “माणसांत चाललास, केस तरी विंचर,” तर मी त्याच्यावरच खेकसलो. मग तुझं खुरपं काढलं. जीजीने नर्सरीतून आणून दिलेल्या सागाच्या काड्यांतली एक मी महिन्याभरापूर्वी गच्चीवर कुंडीत खोचली होती, तिला दोन पानं आलीयत. ती हलवायला थैली भरायला घेतली. पहिली दाबून पाहिली, दगडासारखी. रागातली. उलटी केली. दुसरी, तीही रागातली. मामा दारात उभा राहून बघत होता. नंतरची जी भरली ती अंगठ्याने दाबली तर अंगठा जरासा आत गेला आणि माती परत वर आली. तू ओळीत ठेवली असतीस. तिच्यात रोप बसवलंय. पहिल्यांदा कोणाच्या घरी जाताना मिठाई न्यायची असते हे मला कळतं. पण मी हेच नेतोय. त्यांनी काय करतोस विचारलं की आधी हे समोर ठेवीन आणि म्हणेन, जंगलात काम करतो, पक्कं नाहीये, उद्या लावणी आहे. मग ते जे म्हणतील ते ऐकून घेईन. ओरडणार नाही. काच असेल तर लांब बसेन.

हे मामाच्या मशीनच्या रद्दी कागदांवर लिहिलंय, मागे कोणाकोणाचे अर्धवट छापलेले चेहरे आहेत. पाठवायला पत्ता नाही, तर घडी करून खुरप्याखाली ठेवतोय. एक सांगायचं राहिलं, ते तुलाच सांगतो. अंघोळीनंतर मी आरशासमोर उभा राहून ‘हो, सोमवारपासून जॉइन करतो’ म्हणून पाहिलं. दोनतीनदा म्हटलं. चांगलं जमतं मला. आवाज अगदी सभ्य येतो, आणि ते म्हणताना मला तिचा हसरा चेहरा दिसला, आणि मी ते आणखी एकदा म्हटलं.

मामा खालून हाका मारतोय. मी निघालो आई. थैली दोन्ही हातांनी धरावी लागते, नाहीतर मुळं हलतात. जिन्यावरचं दार बाहेर उघडतं, तेव्हा बाहेर होऊन ते टाचेनेच लोटीन, आणि लागलं की नाही म्हणून टाचेनेच एकदा दाबून बघीन.